बेंगळुरूत नवीन आहात? आधी घड्याळ बघा, मग हॉटेल

बेंगळुरूतला माझा पहिला रविवार. आरामात उठले, आवरलं, ॲपवर हजारो लोकांनी वाखाणलेलं एक डोशाचं हॉटेल निवडलं आणि व्हाइटफील्डहून दीड तास प्रवास करून सव्वाबाराला दारात उभी राहिले. शटर अर्धं खाली आलेलं. आत एक पोऱ्या फरशी पुसत होता. त्याने वाकून माझ्याकडे बघितलं, हाताची चार बोटं दाखवली आणि परत पुसायला लागला. चार वाजता या. आपल्याकडे मिसळ दुपारी दोनलाही मिळते, मग डोशाला काय झालं? शेजारच्या दुकानातून केळ्याच्या वेफर्सची पुडी घेतली आणि फुटपाथवर उभी राहून संपवली.

याला आता सहा वर्षं झाली. दर जुलैत आमच्या ऑफिसात नवी मराठी मुलं येतात. कुणी नांदेडचं, कुणी जळगावचं, यंदा एक चिपळूणची. पंधरा दिवसांत सगळ्यांचं रडगाणं सारखंच होतं: पीजीतलं जेवण घशाखाली उतरत नाही, सांबार गोड लागतं, ॲपवरून मागवण्यात पगार उडाला. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. मी साताऱ्याची, शाकाहाराचं सोवळं नाही, आणि चांगलं खायला मिळणार असेल तर पहाटे साडेपाचला उठायची तयारी असते. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

पहिला आठवडा: पायी जाता येईल तेवढंच

घरापासून दहा मिनिटांत एक तरी दर्शिनी सापडते. ती शोधा. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं, झटपट, स्वस्त शाकाहारी हॉटेल. १९८३ साली जयनगरात ‘कॅफे दर्शिनी’ निघालं आणि पुढे तसल्या सगळ्याच हॉटेलांना ते नाव चिकटलं, आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा चिकटलं तसं. पाटीवर तो शब्द असेलच असं नाही. सागर, उपाहार, भवन, काहीही असेल. छातीएवढ्या उंचीची स्टीलची टेबलं दिसली आणि खुर्च्या दिसल्या नाहीत की समजा पोचलात.

पहिल्या दिवशी मी अशाच एका टेबलापाशी दहा मिनिटं वेटरची वाट बघत उभी होते. वेटर नसतोच. आत शिरल्यावर आधी गल्ल्यावर जायचं, काय हवं ते सांगून पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची. ती चिठ्ठी घेऊन खाण्याच्या काउंटरवर. तिथला माणूस चिठ्ठी फाडतो किंवा खिळ्यात खोचतो, आणि तुम्ही पाकीट खिशात ठेवेपर्यंत ताटली समोर सरकवतो. रांग अशी नसते; हात लांब करून चिठ्ठी पुढे धरायची. लाजलात तर मागचे सात जण खाऊन जातील. कॉफीचे पैसे खाण्याबरोबरच द्या, पण कॉफीची चिठ्ठी जपून ठेवा आणि खाणं संपल्यावर कॉफीच्या काउंटरवर नेऊन द्या. दोन्ही एकदम घेतलंत तर एका हातात ताटली, दुसऱ्यात पोळणारा पेला आणि टेबल एकही रिकामं नाही, अशी वेळ येते.

सांबार देण्याआधी ‘डिप’ की वेगळं, असं विचारतात. डिप म्हणजे इडली-वडा सांबारात बुडवूनच देतात. नवख्याने वेगळं मागावं, कारण बेंगळुरूच्या सांबारात गूळ असतो आणि तो तुम्हाला कितपत झेपतो हे अजून ठरायचंय. नागपूरकडच्या मंडळींना बहुतेक झेपत नाही. त्यांनी चटणीवर निभवावं. चटणी हवी तितक्यांदा परत मिळते. साध्या दर्शिनीत दोन इडल्या, एक वडा आणि कॉफी शंभर रुपयांच्या आसपास होते.

चांगली दर्शिनी कशी ओळखायची? ॲपवरचे तारे बघू नका, सकाळी सातला दारात कोण उभं आहे ते बघा. कानटोपी घातलेले, फिरून आलेले पेन्शनर आजोबा दिसले तर आत जा. ते रोज येतात, त्यांना घाई नसते, आणि चटणीत नारळ कमी पडला तर गल्ल्यावर जाऊन ऐकवतात. दुसरी खूण माझी स्वतःची: दहा वाजता जा आणि चटणी बघा. गर्दी ओसरताना ज्यांची चटणी पातळ होत जाते, तिथे मी परत जात नाही.

एकच दर्शिनी निवडून चार दिवस त्याच वेळेला जा. दर दिवशी नवं हॉटेल करायचा मोह होतो, पण पहिल्या आठवड्यात तो आवरा. पाचव्या दिवशी कॉफीवाला तुमची चिठ्ठी न बघताच पेला भरायला घेतो. परक्या गावात एवढ्यानेही पोटात धीर येतो.

मग शब्द, आणि ते अर्धे आपलेच आहेत

सोसायटीच्या फाटकावरचा काका सकाळी विचारतो, ‘तिंडी आय्ता, मेडम?’ म्हणजे नाश्ता झाला का. दुपारी तोच ‘ऊटा आय्ता?’ होतो, जेवण झालं का. उत्तराची फार अपेक्षा नसते, ‘आय्तु’ म्हणायचं आणि पुढे जायचं. पण खाण्याच्या दृष्टीने या शहराचे दोनच भाग आहेत, तिंडी आणि ऊटा, आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. हे कळलं की त्या पोऱ्याची चार बोटंही कळतात.

बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे बास. वाढपी भाताचा डबा घेऊन समोर आला की ‘साकु’ लवकर म्हणावं लागतं. नीरु म्हणजे पाणी, बिसी म्हणजे गरम, एष्टु म्हणजे किती. ‘स्वल्प’ तर संस्कृतातून दोघांनीही घेतलाय. आपण तो पुस्तकात लिहितो, हे लोक रोज बोलतात. स्वल्प सांबार, स्वल्प चटणी, अन् बसमध्ये स्वल्प सरका. वाढणाऱ्याला, कॉफीवाल्याला ‘अण्णा’ म्हणा. आपल्याकडे भाऊ म्हणतो तसंच.

पदार्थांच्या नावांत तर घरच्यासारखं वाटायला लागतं. कोसंबरी म्हणजे आपली कोशिंबीर, फक्त भिजवलेल्या मुगाच्या डाळीची. सारु म्हणजे सार. उप्पिट्टु म्हणजे उप्पीट. पुण्या-मुंबईच्या लोकांना उपमा म्हणून सांगावं लागेल, आम्हा साताऱ्या-कोल्हापूरकडच्यांना नाही. वांगीबात हा सरळ वांगीभात. मजिगे म्हणजे ताक. खारा बात म्हणजे मसाला घातलेलं, भाज्यांचं उप्पीट आणि केसरी बात म्हणजे शिरा. दोन्ही एका ताटलीत शेजारी-शेजारी घेतले की त्याला म्हणतात चौ-चौ बात. नाव ऐकून मी चायनीज समजले होते.

एक फसवा शब्दही सांगते. ‘खाली डोसा’ लिहिलेलं असतं, तो खालच्या मजल्यावर मिळत नाही. खाली म्हणजे रिकामा, आत भाजी नसलेला मऊ डोसा. सेट डोसा म्हणजे तसलेच लहान, जाळीदार, बहुतेक तीन. आणि मसाला डोसा मागितलात तर आत बटाट्याच्या भाजीखाली लाल चटणीचा हात फिरवलेला असेल. ती तिखट लसूण-मिरची लागली की पहिल्यांदा वाटलं, चला, या शहराशी आपलं जमेल.

कॉफीबद्दल दोन वाक्यं. ‘बाय-टू’ म्हणजे एक कॉफी दोघांत, आपल्या कटिंगसारखी. दोघी गेलात तरी एकच सांगायला संकोच करू नका, इथे मोठमोठे लोक बाय-टू पितात. साखर आधीच घातलेली असते, नको असेल तर चिठ्ठी देतानाच ‘शुगर बेडा’ म्हणा, पेला भरल्यावर म्हणून उपयोग नाही.

घड्याळ

तिंडी सकाळी साडेसहाला सुरू होते आणि अकरा-साडेअकराला संपते. डोसा खायचा असेल तर आठच्या आत. साडेबारा ते तीन ऊटा, म्हणजे ताट किंवा केळीचं पान. त्या वेळात बऱ्याच ठिकाणी डोशाचा तवा बंद असतो. मागितलात तर मान हलवतील, आणि ती मान हो म्हणतेय की नाही हे समजायला वर्षभर लागतं. चारला तवा पुन्हा पेटतो, सोबत बोंडा, भजी, मंगळूर बन्स. मंगळूर बन्स म्हणजे केळं कुस्करून भिजवलेल्या मैद्याची फुगलेली, किंचित गोड पुरी, पाव नव्हे. रात्री साडेनवानंतर जुन्या भागात चूल विझलेली असते. उशिरा भूक लागणाऱ्यांनी कोरमंगल, इंदिरानगर, एचएसआर लेआउट बघावं.

जुन्या हॉटेलांची आठवड्याची सुट्टीही पाठ करावी लागते, आणि ती एकसारखी नाही. गांधी बझारमधलं विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद, लालबागजवळचं एमटीआर सोमवारी, शंकरपुरमचा ब्राह्मिन्स कॉफी बार रविवारी. निघण्याआधी एक फोन करून घ्या. आणि शोधमोहिमेला रविवारऐवजी शनिवार धरा: रविवारी मेट्रो उशिरा सुटते, त्यामुळे लांबच्या उपनगरातून येणाऱ्याची सातची वेळ हुकते, आणि तोवर अख्खं शहर रांगेत उभं असतं.

पहिले चार शनिवार

व्हाइटफील्डहून जांभळ्या मार्गाने मॅजेस्टिक, तिथे हिरवा मार्ग धरायचा. दक्षिणेकडे नॅशनल कॉलेज आणि लालबाग ही स्थानकं, उत्तरेकडे संपिगे रोड. इलेक्ट्रॉनिक सिटीवाल्यांना २०२५च्या ऑगस्टपासून पिवळा मार्ग मिळालाय, आर. व्ही. रोडला हिरव्याला जोडलेला. माझ्या काळी त्यांचे फार हाल होते.

पहिल्या शनिवारी बसवनगुडी. नॅशनल कॉलेजला उतरून चालत गांधी बझार. विद्यार्थी भवन १९४३चं, शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी काढलेलं, म्हणून ते नाव. सुट्टीच्या दिवशी दारात नाव सांगून थांबायचं. आत टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं, आणि तुमच्या खुर्चीच्या मागे पुढच्या पाळीचे लोक नजर लावून उभे असतात. आरामात गप्पा मारायची ही जागा नाही. पण एक गोष्ट बघायला तरी जा. आतल्या दारातून वाढपी बाहेर येतो, धोतर नेसलेला, आणि त्याच्या एका हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत डोशाच्या ताटल्या एकावर एक रचलेल्या असतात. दुसरा हात मोकळा. तो त्या हाताने वरची ताटली उचलून पत्ते वाटावेत तशी टेबलावर टाकतो, आणि बाकीची चळत हलतसुद्धा नाही. मी मोजायचा प्रयत्न केला, बारापर्यंत आले तेवढ्यात माझी ताटली आली. डोसा जाड, बाहेरून कडक तपकिरी, आतून मऊ. पातळ कागदी डोशाची सवय असलेल्यांना तो जड वाटतो, मला नाही.

तिथून रमतगमत ब्राह्मिन्स कॉफी बारला जाता येतं. १९६५चं हे ठिकाण म्हणजे जेमतेम एक काउंटर आणि समोरचा फुटपाथ. इडली, वडा, खारा बात, केसरी बात, कॉफी, संपली यादी. सांबार मिळत नाही. मागूही नका, बाजूचे लोक दयेने बघतात. नारळाची हिरवी चटणी मात्र वाटीत हवी तेवढी ओततात, आणि ती खाल्ल्यावर सांबाराची आठवण येत नाही.

दुसऱ्या शनिवारी एमटीआर. नाव मोठं आहे म्हणून नाही, एक गोष्ट कळावी म्हणून. उडुपीकडच्या मय्या बंधूंनी १९२४ साली हे काढलं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा त्यांनी रव्याची इडली करून बघितली. आज आपल्या घराघरात पाकिटातून होते ती रवा इडली ही. म्हणजे तुमच्या आईने लहानपणी डब्यात दिलेला पदार्थ जिथून निघाला तिथे तुम्ही बसलाय. इडलीवर पातळ तूप ओतून घ्या, बाजूला बटाट्याचं सागू, म्हणजे पातळसर भाजी येते. सकाळी आठनंतर गेलात तर वरच्या खोलीत बाकावर ताटकळायची तयारी ठेवा.

तिसऱ्या शनिवारी मल्लेश्वरम. सीटीआर, ज्याचं नाव आता श्री सागर आहे पण रिक्षावाल्याला सीटीआरच कळतं, तिथला बेण्णे मसाला डोसा. बेण्णे म्हणजे लोणी, आणि ते दिसतं: डोसा उचलला की बोटं चकचकतात. पंधराव्या क्रॉसजवळ वीणा स्टोअर्स, तिथे इडली रस्त्यावर उभं राहून. दोन्ही एका सकाळी होतात, पण आधी इडली, मग डोसा. उलटं केलंत तर इडली जात नाही. मग आठव्या क्रॉसचा भाजी-फुलांचा बाजार. खाण्याशी संबंध नाही, पण शेवंतीचे ढीग बघितल्याशिवाय परतू नका.

चौथा शनिवार आळसाला ठेवा. घराजवळची दर्शिनी आहेच.

मिलिटरी हॉटेल: नाव विचित्र, पण नातं जुनं

‘शिवाजी मिलिटरी हॉटेल’ ही पाटी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी रिक्षा थांबवायला लावली. कुणा माजी सैनिकाचं असावं असं वाटलं. बेंगळुरूत ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणजे मटण-चिकनचं साधं हॉटेल, आणि त्यातली जुनी बरीच इथल्या मराठा कुटुंबांची आहेत. जयनगरकडचं हे शिवाजी १९३५चं, आणि कॉटनपेटमधलं एस. जी. राव यांचं १९०८चं. नावामागच्या दोन-तीन गोष्टी सांगतात. सगळ्यांत सैनिकांचं जेवण आहेच. मराठी माणसं इथे कशी, हे मात्र शाळेतल्या इतिहासात आहे आणि आपण विसरलेलो असतो. १६३८ साली आदिलशाही फौजेने इथले तेव्हाचे सत्ताधीश तिसरे केंपेगौडा यांच्याकडून बेंगळुरू घेतलं, आणि ही जहागीर शहाजीराजांकडे आली. त्यांच्यामागून माणसं आली, राहिली.

अशाच एका मिलिटरी हॉटेलात बिल देताना मी फोनवर आईशी बोलत होते. गल्ल्यावरचे आजोबा म्हणाले, ‘कुटलं गाव तुमचं?’ मराठी, पण चाल कानडी. सातारा म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, जणू शेजारचंच गाव. ते स्वतः कधी आले नव्हते.

काय खायचं: दोन्ने बिर्याणी. दोन्ने म्हणजे द्रोण, वाळक्या पानाचा. तांदूळ बासमती नव्हे, बारीक जिरगे सांबा. पुदिना-कोथिंबिरीने हिरवट झालेला. हैदराबादी बिर्याणीच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल, मसालेभात आणि मटण यांचा संसार समजून खाल्लीत तर आवडेल. खीमा उंडे म्हणजे खिम्याचे गोळे, ते सोडू नका. आणि रागी मुद्दे, नाचणीचा वाफाळता गोळा. हा चावायचा नाही. बोटांनी लहान तुकडा तोडायचा, रश्श्यात बुडवायचा आणि गिळायचा. मी पहिल्यांदा चावत बसले आणि तो टाळूला चिकटला; समोरच्या बाईंनी खुणेने गिळून दाखवलं. नाटी कोळी म्हणजे गावरान कोंबडी, मुद्द्याबरोबर तीच. दुपारी एकच्या आत जा. दोनला गेलात तर चांगले तुकडे संपलेले असतात, आणि संध्याकाळी यातली बरीच हॉटेलं उघडतच नाहीत.

भाकरीची आठवण आली की

ती दुसऱ्या महिन्यात येते, हमखास. तेव्हा ‘महाराष्ट्रीयन थाळी’ असं ॲपवर शोधू नका. जे सापडतं ते महाग असतं आणि पुरणपोळी गारढोण येते. त्याऐवजी पाटीवर ‘खानावळी’ शोधा. हो, आपलीच खानावळ. उत्तर कर्नाटकातल्या, म्हणजे विजापूर-धारवाड-बेळगावकडच्या लोकांची ही हॉटेलं, गांधीनगर आणि राजाजीनगरकडे जास्त. ‘जोळद रोट्टी ऊटा’ मागा. जोळ म्हणजे ज्वारी. समोर येते ती पातळ, पांढरी, फुगलेली भाकरी. कधी मऊ, कधी पापडासारखी कडक, विचारून घ्या. बरोबर एण्णेगायी, म्हणजे तेलावर परतलेली भरली वांगी, दाण्याचं कूट घालून. शेंगा चटणी म्हणजे सोलापूरची शेंगदाण्याची चटणीच. दही, कच्चा कांदा, मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथीची कच्ची पानं. माझ्याबरोबर आलेला नांदेडचा मुलगा दोन भाकऱ्या होईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

सणावाराला होळिगेच्या दुकानात जा. होळिगे किंवा ओब्बट्टु म्हणजे पुरणपोळी, पण इथे पुरण बरेचदा तुरीच्या डाळीचं असतं, आणि नारळाचीही मिळते. तव्यावरून थेट कागदावर काढून देतात. कटाची आमटी असते का? असते, तिला ओब्बट्टिन सारु म्हणतात, फक्त ती घरी होते, दुकानात सहसा नाही. त्यासाठी एखादी कानडी मैत्रीण जोडावी लागते.

बेकरी आणि हंगाम

अय्यंगार बेकरी गल्लोगल्ली दिसतील. बहुतेक ठिकाणी अंडं वापरत नाहीत. खारा बन (मिरची-कोथिंबीर घातलेला पाव), आत टुटीफ्रुटी-खोबऱ्याचं गोड सारण भरलेलं दिलपसंद, आणि ‘काँग्रेस’, म्हणजे सोललेले मसाला शेंगदाणे. संध्याकाळी सहाला खारा बन मऊ असतो, रात्री नाही.

व्ही. व्ही. पुरमला सज्जनराव सर्कलजवळ खाऊगल्ली आहे. एकदा जा, गर्दी फार, आणि सगळंच चीझमध्ये बुडवायची नवी खोड लागलीय. पण हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, अवरेकाईचा मेळा भरतो, तिथे जरूर जा; पूर्वी तो याच गल्लीत असायचा, आता नॅशनल कॉलेजच्या मैदानावर असतो. अवरेकाई म्हणजे पावट्याच्या शेंगा. दाणे भिजवून, चिमटीत दाबून सोलतात, आपण वालाच्या डाळिंब्या सोलतो तसे, आणि मग त्यांचं उप्पीट, डोसा, भाकरी, जिलबीसुद्धा करतात. जिलबी मी दुसऱ्यांदा घेतली नाही. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीच्या देवळाजवळ कडलेकाई परिषे, शेंगांची जत्रा. रस्त्यावर दोन्ही बाजूंना शेंगांच्या राशी, कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. मापाने घ्या, आणि पिशवी घरून न्या.

बाकीचं शहर

आंध्र मील्ससाठी रेसिडेन्सी रोडचं नागार्जुन, भातावर पूड आणि तूप कालवून. तिखटाचा दुष्काळ एका दुपारी संपतो. मडिवाळा भागात केरळी हॉटेलं, पराठे तिथेच खावेत. रमझानात फ्रेझर टाउनची मॉस्क रोड, इफ्तारनंतर, दोन-चार जण मिळून. सेंट मार्क्स रोडवरचं कोशीज खाण्यापेक्षा बसण्यासाठी. यातलं काहीही पहिल्या दोन महिन्यांत नाही केलंत तरी बिघडत नाही.

वही ठेवा, आई-बाबा येतील तेव्हा लागते

मी फोनमध्ये तीन गोष्टी लिहिते: हॉटेल, काय खाल्लं, किती वाजता. चव कशी होती हे लिहीत नाही, ते आठवतंच. वेळ आठवत नाही.

दिवाळीनंतर आई-बाबा आले तेव्हा ती यादी कामी आली. बाबांना खुर्ची लागते, म्हणून दर्शिन्या बाद. आईला सकाळी चहाच हवा, तो दक्षिण बेंगळुरूच्या जुन्या हॉटेलांत मागायचा म्हणजे कॉफीवाल्याचा अपमान; म्हणून चहा घरी पिऊनच निघालो. बाबांना एमटीआर आवडलं, खानावळीत ते म्हणाले, ‘यासाठी एवढ्या लांब यायचं होय?’ आणि तिसरी भाकरी मागितली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आईला गल्लीतल्या कॉफी पावडरच्या दुकानात नेलं. तिथे तुमच्यासमोर बिया दळतात आणि चिकोरी किती टक्के घालू, असं विचारतात. पहिल्यांदा घेणाऱ्याने वीस सांगावं, त्याहून जास्त घातली की कॉफी काळी दिसते आणि चव मात्र चिकोरीचीच येते. आईने वास घेतला, पाव किलो घेतली, मग कपाटातलं स्टीलचं फिल्टर खाली काढायला लावलं, झाकण उघडून भोकं बघितली आणि दुकानदाराला मराठीतच विचारलं, ‘हे दोन माणसांचं आहे का चार?’ त्याने दोन बोटं दाखवली.